डाव्या कुशीतला रोग

शिंदखेड्याजवळच्या त्या गावी मंगळवारी माणूस मावत नव्हता. झुलालबाबा सुरी न लावता पोटातला रोग उपसून काढी आणि परातीत टाकी. बाया किंचाळत.

कलाबाईच्या मुठीत नवऱ्याच्या, पितांबरच्या, औषधाच्या गोळ्या होत्या. रोग निघाला की औषध नदीत सोडायचं, असा बाबाचा नेम.

गेल्या साली पितांबरच्या किडनीला कॅन्सर झाला, आता रक्ताला. एकाच माणसाला दोन-दोन? ही करणीच, असं भावकी म्हणे. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, “बाई, पहिला रोग रक्तात उतरलेला नाही. हे वेगळे आजार आहेत. कधीकधी दोन्ही एकालाच होतात. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण गोळ्या चुकवू नका.”

‘कळलेलं नाही’ एवढंच तिच्या काळजात रुतलं. बाबाला तर सगळंच कळत होतं!

“माय, तुना धनीले दोन चुडेली लागेल शेत! दोन्हींनं मूळ डावी किडनीम्हा शे!”

पितांबर उताणा निजला होता. बाबाने ओल्या कापसाचा बोळा त्याच्या बंडीखाली, डाव्या कुशीत घातला. मंत्र, आरोळी, आणि परातीत लालभडक किडनी पडली.

“दखा! सोडा गोळ्या नदीम्हा!”

कलाबाईचा हात उठला आणि तसाच राहिला.

डावी किडनी तर गेल्या साली मुंबईला काढून टाकली होती! एका किडनीचा माणूस अधू म्हणून लेकीची सोयरीक मोडेल, या धाकाने तिने ऑपरेशन लपवलं होतं. डाव्या किडनीला कॅन्सर, एवढंच गावाला माहीत. गावाला माहीत तेवढंच बाबाला.

होणारी विहीण भागाबाई समोरच बसलेली. कलाबाईने तिच्याकडे पाहिलं. तरी तिने पितांबरची बंडी वर केली. कुशीवर लांबलचक व्रण.

“बाबा, आठली किडनी डॉक्टरनी काढेल शे. मंग हाई कोनी शे?”

“देव कोपी, बाई!”

तिने त्याच्या टोपलीतला दुसरा बोळा उचलून पिळला. आतून तसलीच एक निसटली. तिचे थोरले दीर उखर्डूनाना वाकून बघत म्हणाले, “अरे, हाऊ ते बोकडना गुर्दा! मी दर शिमग्याले भाजी करीसन खास!”

हशा पिकला. बाबा टोपली टाकून मागल्या दाराने पसार झाला. भागाबाई मात्र हसली नाही; ती त्या व्रणाकडेच बघत राहिली.

कलाबाईची भीती गेली नाही. रोग होता तिथेच होता. पण बायांनो, ‘कळत नाही’ म्हणणाऱ्याने निदान खरं सांगितलं होतं. भीती वाटली तर विचारा, तपासा. औषध नदीत सोडू नका.

तिने बाबाच्याच रांजणातलं पाणी घेतलं.

“आ करा,” ती पितांबरला म्हणाली.