लाल शाईचा कौल

शमशी-आकेच्या अंगणात त्या सकाळी मुंगीलाही वाट मिळत नव्हती. कुंपणावर माणसं, गवताच्या गंजीवर माणसं, ट्रॅक्टरच्या टपावर माणसं. अख्खं काराजार गाव एका टेबलाकडे डोळे लावून उभं होतं. टेबलावर एक लॅपटॉप होता आणि घरगुती प्रिंटर. लॅपटॉपचं तोंड शमशीकडे, पाठ गावाकडे.

शमशी हा आमच्या गावचा 'डोळे उघडलेला'; सगळे त्याला मानाने आके, म्हणजे दादा, म्हणायचे. फोटो बघून तो हरवलेली मेंढी सांगायचा, रुसलेली सून परत यायची तारीख सांगायचा. पूर्वी फोटो नुसता हातात घ्यायचा. शहरातून प्रिंटर आणल्यापासून त्याची विद्याही रंगीत झाली होती.

"चार शाया, चार साक्षीदार!" तो हात उंचावून ओरडला. "निळी आभाळाची, पिवळी उन्हाची, काळी मातीची. आणि लाल? लाल रक्ताची! मेलेल्याचं रक्त खुन्याच्या चेहऱ्याला शिवत नाही. मी बोलणार नाही, लोकहो. शाई बोलेल!"

मेला होता तेमिरकान. बावीस वर्षांचा, गावातला सगळ्यात देखणा स्वार. तीन दिवसांपूर्वी ओढ्याच्या घळीत सापडला, कवटी फुटलेला. मी इथल्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा माणूस. प्रेत मीच धुऊन पाहिलं होतं. जखम चंद्रकोरीसारखी होती. "हा घोड्याच्या टापेचा घाव आहे," असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तेमिरकानचा थोरला भाऊ ओरुझबाय म्हणाला, "माझा भाऊ चालायच्या आधी घोड्यावर बसला. त्याला घोडा मारेल? तू आपल्या सुया टोच." दुःखाला कुणाची तरी मानगूट हवी असते. टाप धरून फाशी देता येत नाही.

पलीकडच्या शोकाच्या तंबूत, भिंतीकडे तोंड करून, त्याची आई जांगिल तीन दिवस गात होती:

*उगवला गं सूर्य, कुणासाठी उगवला,
माझ्या अंगणीचा सूर्य, घळीमध्ये मावळला.
ओढ्याचं गं पाणी, पाणी कशाने तांबडं,
माझ्या राजसाच्या माथी, कुणी घातली कुऱ्हाड.*

कुऱ्हाड कुणी पाहिली नव्हती. पण गाणं ऐकता ऐकता गावाला ती दिसायला लागली होती.

शमशीने ज्यांच्यावर संशय अशा पाच जणांचे फोटो लोकांच्या फोनमधून घेतले. पहिला कागद सरसरत बाहेर आला. गव्हाळ चेहरा. "निर्दोष!" दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गव्हाळ. पाचवा कागद निघाला आणि पुढची रांग दोन पावलं मागे सरली.

मेंढपाळ सागिनदिकचा चेहरा हिरवा होता. कुजलेल्या पाल्यासारखा हिरवा-पिवळा.

"आई गं!" कुणीतरी किंचाळलं.

"बघा! बघा!" शमशी कागद नाचवत होता. "रक्त पळालं! त्याच्या तोंडाला लागायला लाजलं!"

आदल्या आठवड्यात कुरणावरून तेमिरकान आणि सागिनदिक यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांना आठवलं. दोघं लहानपणापासूनचे जिवलग, हे मात्र कुणालाच आठवलं नाही.

पुढचं सांगताना माझी जीभ जड होते. त्यांनी सागिनदिकला घोडे बांधायच्या खुंटाला बांधलं. ओरुझबायचा चाबूक पहिल्या फटक्यालाच त्याच्या सदऱ्यातून आत गेला. दुसऱ्याला कातडं सोललं. "कबूल कर!" "काय कबूल करू रे? माझा दोस्त होता तो!" कुणीतरी दगड मारला, समोरचे दोन दात तुटले. मी मध्ये शिरलो तर फावड्याचा दांडा माझ्या बरगडीवर बसला. पडल्या पडल्या मी पाहिलं, ज्याच्या पोराला मी गोवरातून वाचवलं होतं, तो हसून दगड उचलत होता. तो दगड सागिनदिकच्या डाव्या डोळ्यावर बसला. आवाज असा झाला, जसं पिकलेलं जर्दाळू पायाखाली यावं.

"घोड्याला बांधून फरफटवा!" मागून ओरड आली. कुणी दोर आणायला धावलंही.

तेवढ्यात बुरुलचा आली. सागिनदिकची बायको. हात कोपरापर्यंत मंजिष्ठेने लाल, कारण ती रंगाच्या कढईवरूनच धावत आली होती. ती लोकरीची शिरडकं करते, जमिनीवर अंथरायची, मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीची. परदेशी गिऱ्हाइकांना नमुने पाठवायला तिच्याही घरी तसलाच प्रिंटर होता. छापलेला लाल आणि लोकरीचा लाल जुळेना म्हणून तिने दोन हिवाळे त्या यंत्राशी भांडण केलं होतं.

नवऱ्याकडे तिने पाहिलं. पण ती खुंटाकडे गेली नाही, टेबलाकडे गेली आणि तो हिरवा कागद उचलून उन्हात धरला.

"शमशी-आके, हा जत्रेतला फोटो. मागे माझं शिरडक आहे. मी मंजिष्ठेत सात वेळा बुडवलेलं. ते पिवळं का झालं? माझ्या शिरडकाने कुणाला मारलं?"

"खुन्याच्या घरचं सगळंच शापित असतं, पोरी!" शमशी म्हणाला. "बायकोही त्यातच आली. हिलाही बांधा रे!"

दोघंजण पुढे सरले. बुरुलचा हलली नाही. "बांधा. पण आधी या कोपऱ्यात बघा. शिरडकाचं टोक धरून हा कोण हसतोय?"

कुणाला नीट दिसेना. तेव्हा गर्दी आपोआप फाटली, कारण शोकाच्या तंबूतून जांगिल उठून आली होती. तिने कागद घेतला, डोळ्यांशी नेला. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता, पण आईला दाणा पुरतो.

"हा माझा तेमिर," ती म्हणाली. मग तिचा आवाज चिरला. "हाही हिरवा आहे."

"हो ना, आई," बुरुलचा म्हणाली. "त्याचं रक्त त्याच्याच चेहऱ्याला लाजलं? का त्याने स्वतःचाच खून केला?"

ओरुझबायने उगारलेला चाबूक खाली घेतला.

"यंत्राला हात लावलास तर आंधळी होशील!" शमशी तिच्या अंगावर धावला. त्याने तिच्या थोबाडीत मारली, ती टेबलावर आपटली, ओठ फुटला. त्याने पुन्हा हात उगारण्याआधी ओरुझबायने त्याची मनगटं धरली. "थांब, आके. शाई बोलेल म्हणाला होतास. बोलू दे तिला."

बुरुलचाने लॅपटॉपची वायर उपटली. प्रिंटरचं एक बटण दाबून धरलं. "आता याला कुणी शिकवायला नाही. हा स्वतःची तब्येत स्वतः सांगतो."

यंत्राने एक साधा कागद सोडला. त्यावर बारीक रेघांच्या चार जाळ्या होत्या, काळी, निळी, पिवळी, लाल. एकही रेघ तुटलेली नव्हती.

"लाल शाईची नळी तुंबली असती, तर या रेघा तुटल्या असत्या. माझ्याकडे थंडीत नेहमी तुटतात. इथे लाल ठणठणीत आहे. मग पाचव्या कागदावर ती का आली नाही?" तिने वायर परत जोडली, लॅपटॉप गावाकडे वळवला आणि छपाईची खिडकी उघडली. "या तीन पट्ट्या बघा. काळा सोडून प्रत्येक रंग कमी-जास्त करायच्या. लालची पट्टी कुणी तळाला ओढलीय? माणसाच्या कातडीत लाल असतो. तो काढला की हिरवट पिवळा उरतो. माझ्या लाल लोकरीतून काढला, की पिवळा उरतो. एवढीच विद्या."

तिने शमशीचाच फोटो घेतला. पट्टी तशीच तळाला ठेवून छापला. कागदावर हिरवागार शमशी उतरला, दाढीसकट.

"खुनी सापडला!" कुणीतरी म्हणालं आणि हसू फुटायच्या आधीच विरलं, कारण खुंटापाशी सागिनदिक कण्हत होता.

मग तिने पट्टी मध्यावर आणली, यंत्रात घातला होता तोच कागदाचा प्रकार यादीतून निवडला आणि जत्रेचा फोटो पुन्हा छापला. लाल शिरडक. गव्हाळ सागिनदिक. कोपऱ्यात तेमिरकान, गालांवर थंडीची लाली. जांगिलने तो कागद छातीशी धरला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती गायली नाही, नुसती रडली.

मी बरगडी धरून उठलो. "आता माझं ऐकाल? जखम टापेची आहे. त्या दिवशी तेमिरकानने कुणाचा घोडा नेला होता?"

सगळ्यांना ठाऊक होतं. शमशीचा करडा. त्या घोड्याने वसंतात एका गड्याचा पाय मोडला होता आणि तो लाथाळ आहे हे शमशीने तेमिरकानला सांगितलं नव्हतं. आळ आपल्यावर येऊ नये म्हणून, गावाने विचारायच्या आधीच त्याने सागिनदिकचा चेहरा गावापुढे उत्तर म्हणून टाकला होता.

"मारा याला!" तीच ओरड. तेच दगड. सागिनदिकसाठी आणलेला दोर आता शमशीच्या गळ्यात पडला. तो खाली कोसळला, तोंडात माती, रडत होता, "मला वाटलं नव्हतं एवढं मारतील..."

जांगिलने लेकाच्या हातून चाबूक हिसकावला. "पुरे! माझ्या पोराचं नाव घेऊन सकाळपासून रक्त सांडताय. सकाळी तुमची खात्री होती, आत्ताही आहे. तुमच्या खात्रीची मला भीती वाटते. पोलिसांना बोलवा. तोवर याच्या अंगाला जो हात लावेल, त्याने आधी मला मारावं."

हात खाली आले. एकेक करून, लाजत.

शमशीला जिल्ह्याच्या गाडीने नेलं. सागिनदिक वाचला. डावा डोळा गेला. ओरुझबाय अजून त्याच्या दारी येतो, लाकडं फोडून देतो, मेंढ्या चारतो. एकदा तो बुरुलचाला म्हणाला, "एजे, ताई, मी काय केलं म्हणजे हे फिटेल?" ती म्हणाली, "कागदावरचा रंग मी एका पट्टीने दुरुस्त केला, भाऊ. याच्या डोळ्याला पट्टी नाही."

म्हणून सांगतो, वाचकहो. चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूनेही बघा. दुसरा कागद छापायला लावा. जो छापू देत नाही, त्याला का म्हणून विचारा. आणि हे सगळं दगड उचलायच्या आधी करा. आमच्या गावाला हे सुचलं, पण एका डोळ्याने उशिरा.