उजव्या बाजूचा नंबर

उद्यापनाच्या आधी घरातलं अर्धवट राहिलेलं काम उरकून घ्यावं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. अर्धी शिवलेली चोळी असो की अर्धी विणलेली टोपली. देवापुढे व्रत सोडताना मागं काही लोंबत राहू नये.

आमच्या घरात अर्धवट अशी एकच गोष्ट होती. माळ्यावर, साडीच्या खोक्यात, नऊ वर्षांपासून. प्लास्टिकची लढाऊ बोट.

बोट माझ्या प्रेरणाची. तिला सिकलसेल, रक्ताचा आजार, होता. थंडीत जपा, थकू देऊ नका आणि पाणी भरपूर पाजा, एवढं डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पोरीला धावता-खेळता येत नाही म्हणून माझा भाऊ चंद्रकुमार तिच्यासाठी बोटींची खोकी आणायचा. तो ट्रक घेऊन विशाखापट्टणमला जायचा, तिथं मिळायची. खोक्यात नखाएवढे दीड-दोनशे तुकडे, एक नकाशा, आणि पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर. मोठे तुकडे ती जोडायची. बारीक सगळे माझ्याकडे.

"मम्मी, तुझे बोटं वाती वळाचे हायेत. हे तूच कर."

मग मी सकाळची पूजा, तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय असा नेम उरकून तिच्याजवळ बसायची. विझलेल्या उदबत्तीच्या काडीनं गोंदाचा ठिपका द्यायचा आणि श्वास धरून तोफ बसवायची. अशा चार बोटी आम्ही केल्या. पाचवी अर्धी असताना ती गेली. ज्येष्ठातली निर्जळी एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला सकाळी. पंधरावं सरलं नव्हतं.

त्या एकादशीला तिनं माझ्यासोबत उपवास धरला होता, पाण्याच्या थेंबाशिवाय. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. यांनासुद्धा नाही. दुपारी अंग दुखायला लागलं, ताप चढला, एवढंच सांगितलं.

उपवासाच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "मम्मी, मी निर्जळी धरली तं नेव्हीत घेतीन काय मले?"

असलं रक्त असलेल्या पोरीला नेव्हीत कोणी घेणार नाही, हे मला माहीत होतं. ते तिच्या तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही. मी म्हटलं, "धर. एका दिवसानं काही होत नाही. देव पाहते." खरं बोलवेना म्हणून मी माझी लेक देवाच्या अंगावर टाकली.

तेव्हापासून वर्षाच्या चोवीसही एकादश्या मी निर्जळी करते. आमच्या फुलचूर गावच्या बाया म्हणतात, केवढी भक्ती! मी मान खाली घालून ऐकून घेते.

यंदा मला मूतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, बिनपाण्याचे उपवास आजपासून बंद. हे राईस मिलमध्ये फिटर आहेत, घरात आवाज चढवणारा माणूस नाही. पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाले, "आता उद्यापन कर. एकदाचं कर."

"ज्येष्ठातली शेवटची निर्जळी करते," मी म्हटलं. "मग सोडते."

म्हणून मी बोट खाली काढली.

नऊ वर्षांत प्लास्टिक पिवळं पडलं होतं. गोंदाची नळी दगड झाली होती. यांनी फेविक्विक आणून दिलं, पण त्यानं जोडाभोवती पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायचं. ते मी नखाच्या कानशीनं घासत बसायची. चष्मा लागला होता, हात कापत होता. पहिले आठ दिवस तर मी निव्वळ तुकडे हुडकत होते. नकाशावर जोडलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे प्रेरणानं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती. नव्वद नंबरपर्यंत खुणा. एक्क्याण्णवपासून मी करू लागले. माझ्या खुणा तिच्यापेक्षा मोठ्या यायच्या.

हळूहळू बोटांना आठवलं. डोलकाठीला दोर ताणायचे होते, तर मी देवाच्या वस्त्रमाळेचा कापूस घेऊन त्याचा केसासारखा धागा वळला. तो बसला. तेव्हा मी वळून "पाहय," असं म्हणून बसले. मागं कोणी नव्हतं.

शेजारच्या सुमित्राबाई उद्यापनाच्या जेवणाचं विचारायला आल्या, तर मी तोंडात धागा धरून बसलेली.

"अवो वहिनी! या उमरमें खेळणं खेळून राहिल्या काय?"

"प्रेरणाची हाय. पुरी करून देवापुढे ठेवते."

"देवापुढे? तोफा घेऊन? भगवंताले लढाईवर धाडता काय?" त्या हसल्या. मग बोटीकडे बघत राहिल्या आणि पदरानं नाक पुसलं. "मोठी गुणाची होती हो पोरगी. माझ्या कुकरची शिट्टी तिनंच बसवली होती. अजून बसून हाय." जाताना दारातून म्हणाल्या, "बारा बाया सांगा जेवाले. पंगतीत मले पहिली धरजा, नाही तं माझ्यापर्यंत येता येता भाजी सरून जाते."

एकादशीला फक्त शेवटचं काम उरलं होतं. डाव्या बाजूचा नंबर प्रेरणानंच लावलेला होता, सरळ, सुबक. उजव्या बाजूचा बाकी होता.

नंबर भिजवायला लहान वाटी हवी होती. उद्यापनाची भांडी काढताना तांदळाच्या कोठीमागं मला एक स्टीलची वाटी सापडली होती. प्रेरणाच्या बारशाची, तिचं नाव कोरलेली. ती इतकी वर्षं मला दिसलीच नव्हती. मला वाटलं, आजच्या कामाला हीच बरी.

दुपारी तीनला पंख्याखाली पेपर पसरला, वाटीत पाणी घेतलं आणि नंबराचा कागद त्यात सोडला. हे मिलमधून लवकर आले. दारात चप्पल काढता काढता त्यांची नजर वाटीवर गेली.

"हे वाटी कुठून काढली?"

"कोठीमागून."

"दुसरी घे."

"काऊन? तिचीच तं हाय."

"दुसरी घे म्हणतो न मी!"

त्यांचा आवाज फाटला. मी वर पाहिलं. हे भिंतीला धरून खाली बसले, मिलच्या कपड्यांतच, कोंडा अंगावर घेऊन.

"मीच ठेवली होती मागं," ते म्हणाले. "फेकवली नाही, म्हणून ठेवली."

पाण्यात कागद वळायला लागला होता.

"त्या दिवशी मी दुपारी घरी आलो होतो. मिलची लाईन गेली होती. तू मंदिरात भजनाले गेलती. ते इथंच बसून होती, हे डोंगा घेऊन." बोटीला हे पहिल्यापासून डोंगाच म्हणत. "म्हणे, पप्पा, नंबर भिजवाले वाटीत पाणी द्या. मी देल्लं. हातपाय धुवून वळलो, तं वाटी रिकामी. तोंड ओलं. म्हणे, मम्मीले सांगू नका."

थेंब नाही, थेंब नाही, असं नऊ वर्षं मी मनात घोकलं होतं. ती एक वाटी प्याली होती.

"बरं झालं," मी म्हटलं. "बरं झालं, प्याली."

"आयक पुढं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "म्हणे, अजून द्या न पप्पा. थोडंच. मी म्हटलं, नाही बाई. मम्मीनं मन लावून व्रत धरलं, तिचं मन मोडू नको. रात गेली की सकाळी सोडाचंच हाय. मले काय माहीत नव्हतं? डॉक्टरनं माझ्यासमोर सांगतलं होतं. तरी मी नाही म्हटलं. मग वाटीत बोटभर टाकलं, नंबर भिजंल एवढंच. अन् तिच्यासमोर उभा राहिलो. प्यावं नाही म्हणून. तिनं नंबर लावला. उरलं ते पाणी मी मोरीत ओतलं."

बोटीची डावी बाजू माझ्याकडेच होती. सरळ, सुबक नंबर.

"मीच सांगितलं होतं तिला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कमी ऐकू येत होता. "धर म्हणून. एका दिवसानं काही होत नाही म्हणून."

"माहीत हाय."

"माहीत होतं?"

"तिनंच सांगतलं न. मम्मी म्हणते देव पाहते म्हणून."

"मग नऊ वर्षं मला बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? तुले बोलतो तं माझंही सांगा लागते." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं, तर कोंडा गालाला लागला. "तू दर एकादशीला कोरड्या तोंडानं बसत होती, अन् मी तुझ्यासमोर चहा पीत होतो. मले वाटे, हे मलेच शिक्षा देऊन राहिली."

त्यांना शिक्षा द्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. एवढ्याशा घरात आम्ही दोघं एकाच पोरीसाठी वेगवेगळे जळत राहिलो. एकानं दुसऱ्याला ऊबसुद्धा लागू दिली नाही.

नंबर आता कागदावरून सुटला होता. जुना झालेला, पाण्यातच त्याचे तीन तुकडे झाले. यांनी ते पाहिलं आणि "गेला तो," म्हणाले.

"धरा बोट," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हातांनी बोट आडवी धरली. मी एकेक तुकडा काडीच्या टोकावर घेऊन सरकवला. वाती वळायची बोटं, पण डोळ्यांत पाणी असलं की नेम चुकतो. दुसरा आकडा खाली घसरला. तिच्या बाजूसारखा आला नाही. मी नकाशावर शेवटची खूण केली.

हे वाटी उचलून मोरीकडे निघाले.

"ओतून या," मी म्हटलं. "अन् धुवून भरून आणा. माठातलं."

"कायले?"

"मला द्या."

"आज एकादशी हाय. आता रातच तं राहिली. उद्या सोडतेच तू." बोलता बोलता ते थांबले. आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं.

त्यांनी वाटी आणली. माझ्या हातात दिली नाही, स्वतःच धरून ठेवली. देवघरात समई तेवत होती. मी देवाकडे पाठ केली नाही. तिथंच बसून यांच्या हातून प्याले. ती वाटी लहान, बारशाची. दोन घोटांत संपली. बाहेर पन्नास पावलांवर सुमित्राबाई कोणाला तरी सांगत होत्या, उद्या बारा बाया आहेत म्हणून.

वाटी रिकामी झाली तरी हे तसेच धरून उभे होते.

"अजून द्या," मी म्हटलं.

ते माठाकडे वळले. ओगराळं पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. यावेळी वाटी काठोकाठ भरली होती. माठापासून माझ्यापर्यंत फरशीवर पाणी सांडत आलं.