बाईंनी मध्ये बोलायचं नाही

"मॅम, थांबा ना! मी पयले सांगते!"

व्हरांड्यातून आलेला आवाज ऐकून सुहासिनीच्या कपाळावर आठी चढली. आवाज याच कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या लेकीचा, अवनीचा होता आणि अवनी चक्क मराठीत बोलत होती. घरी आईने मराठीत काहीही विचारलं तरी हिंदीतच उत्तर देणारी ही पोरगी! वल्लरीशी मात्र खुशाल मराठी, तेही नागपुरी वळणाचं.

"बोल नं, मी ऐकून राहिली," वल्लरी म्हणाली.

सुहासिनी चंदीगडच्या या कॉलेजात लग्नानंतर लगेच रुजू झाली होती. आता रसायनशास्त्रातली ती सगळ्यात जुनी प्राध्यापक. वल्लरी परवा रुजू झालेली, मूळची नागपूरची, नवरा हवाई दलात, त्याच्या बदलीबरोबर आलेली. येताच हिने विद्यार्थ्यांचं क्वालिटी सर्कल काढलं. पाच-सहा मुलांनी दर आठवड्याला जमायचं, शिकवण्यातली एक अडचण निवडायची, तिची कारणं शोधायची आणि उपाय प्राचार्यांपुढे मांडायचा. बाईंनी बाजूला बसायचं, मध्ये बोलायचं नाही.

कानामागून आली आणि तिखट झाली! मुलं सुहासिनीला पाहून वही उघडत आणि वल्लरीला पाहून तोंड. तेही तिने कसंबसं गिळलं होतं. पण अवनी त्या सर्कलमध्ये गेली आणि घरी जेवताना 'वल्लरी मॅम' ताटात येऊन बसल्या. पोर माझी आणि गोडवे हिचे! सुहासिनीचा नुसता जळफळाट होई.

सर्कलच्या सादरीकरणाला ती गेली, ती खरं तर फजिती बघायला.

अवनी फळ्याजवळ उभी राहिली. "हमारा सवाल था, क्लास में कोई कुछ पूछता क्यों नहीं? कारण मिला कि टीचर रुकते नहीं. हम आधी-अधूरी बात बोलें, तो बाकी वही पूरी कर देते हैं. उपाय सीधा है. पूछिए, और फिर रुकिए."

हे सगळं वल्लरीनेच पढवलंय, सुहासिनीने मनात म्हटलं.

"बेटा, फिर सिलेबस कैसे पूरा होगा?" प्राचार्यांनी विचारलं.

अवनी गप्प झाली. ओठ उघडले, मिटले. वल्लरी बाजूला हाताची घडी घालून शांत बसली होती. पोर अडकलीय आणि ही बया ढिम्म! अडचणीला शेवटी कोण धावून येतं, ते कळू दे आज पोरीला.

सुहासिनी उठली. "सर, इनका मतलब है, एक्स्ट्रा क्लास..." आणि तिने अस्खलित उत्तर देऊन टाकलं.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सभागृह हसू दाबायला लागलं.

"मॅडम," अवनी म्हणाली. कॉलेजात ती आईला मॅडमच म्हणत असे. "जवाब था मेरे पास."

सुहासिनी मटकन खाली बसली. अवनीने उत्तर दिलं, आणि ते एक्स्ट्रा क्लासचं नव्हतंच. मुलं आधी घरून वाचून येतील, वर्गात फक्त अडलेलं विचारतील, असं काहीतरी. प्राचार्यांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. सुहासिनीनेही वाजवल्या, पण कानशिलं तापली होती.

पार्किंगमध्ये अवनी मुलांना सोडून एकटी तिच्याकडे आली.

"आई, तू मध्ये बोललीस ना, तेव्हा मला..." ती मराठीत म्हणाली आणि अडली.

'राग आला,' असं तिचं वाक्य पुरं करायला शब्द सुहासिनीच्या जिभेवर आलाच होता. तिने तो दातांखाली धरला. अवनी सवयीने थांबली होती, आईने वाक्य पुरं करायची वाट पाहत. आई काहीच बोलली नाही, तेव्हा तिने चमकून वर पाहिलं.

"तेव्हा माझं उत्तरच पुसल्यासारखं वाटलं," अवनी सावकाश म्हणाली. "घरी पण असंच होते. मंग मी बोलतच नाही."

ते वल्लरीकडून उचललेलं 'मंग' कानाला खटकलं. मी तुझ्यासाठीच उठले गं, हेही घशाशी आलं. सुहासिनीने दोन्ही गिळलं. पलीकडे वल्लरी मुलांच्या घोळक्यात हसत होती, तिचा हेवा अजून तसाच होता. पण अवनीचं बोलणं संपलं नव्हतं. गाडीची किल्ली मुठीत आवळून सुहासिनी ऐकत उभी राहिली.