धुम्, टक् आणि सासूबाई

मी एक जुना बीटर आहे. थांबा मित्रांनो, अंडी फेटण्याचा नव्हे! तो माझा नामबंधू स्वयंपाकघरात असतो आणि त्याला माझ्याहून जास्त भाव आहे. मी ड्रमचा बीटर. ड्रम वाजवणाऱ्याच्या पुढ्यात, जमिनीवर, एक सगळ्यांत मोठा ड्रम चाकासारखा उभा ठेवलेला असतो. तो हाताने नाही, पायाने वाजवतात. पायाखाली पेडल असते, पेडलला एक लोखंडी दांडी असते आणि दांडीच्या टोकावर मी असतो. पाय दाबला की मी पुढे झेपावतो आणि ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर आपटतो. डोके आपटून घेणे हाच माझा धंदा, आणि खरे सांगतो, मला तो मनापासून आवडतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाल्या बाई लोकर कातत नसत, विणत नसत, नुसती भिजवून, चोळून, दाबून घट्ट करत. अशा लोकरीला नमदा म्हणतात. त्या नमद्याच्या जाड चकत्या कापून त्यांनी मला घडवले, मधोमध दांडी बसवली आणि तळहातावर दोनदा आपटून पाहिले. "हं, हा बरा झालाय," असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी चाळीस बीटर झाले होते आणि त्या चाळिसांनाही त्या हेच म्हणाल्या असतील. पण मी ते आजवर मनाला लावून घेतलेले नाही.

पुढे मी वाद्यांच्या दुकानात आलो. तिथल्या फळीवर आमची सगळी भावकी टांगलेली होती. एक लाकडी होता. त्याचा आवाज ठाक् असा, खणखणीत. एक प्लॅस्टिकचा होता. तो टक् करायचा आणि आपल्या टक्-वर फार खूश असायचा. एक मेंढीच्या केसांचा गुबगुबीत होता. तो बोलला तरी भुफ् एवढेच ऐकू यायचे, त्यामुळे त्याच्याशी कुणाचे भांडण होत नसे. आणि मी, नमद्याचा, धुम्.

ड्रम एकच, पाय एकच, मग आवाज इतके निराळे का? सांगतो. कडक बीटर पडद्याला शिवतो न शिवतो तोच मागे फिरतो. त्यामुळे ठोक्याचे टोक, म्हणजे तो टक्, स्पष्ट ऐकू येतो. मऊ बीटर पडद्यावर क्षणभर जास्त रेंगाळतो. तो ते टोक पोटात घेतो आणि खालचा जाड, गोल आवाज तेवढा बाहेर सोडतो. म्हणजे आमच्यातला कोणी चांगला आणि कोणी वाईट, असे काही नाही. पण हे शहाणपण मला आत्ता आले आहे. तेव्हा मला वाटे की जगात बीटर एकच, तो म्हणजे मी.

मग एक ड्रम वाजवणारी ताई दुकानात आली. ती तेव्हा नुकती नोकरीला लागलेली होती. तिने आम्हा सगळ्यांना एकेक करून पेडलला लावले आणि डोळे मिटून ऐकले. तासभर चालले होते. दुकानदार जांभया देऊ लागला. शेवटी तिने मला लावले, सलग आठ ठोके मारले आणि हसून म्हणाली, "हा द्या. हा पोटात ऐकू येतो."

त्यानंतरची नऊ वर्षे काय सांगू मित्रांनो! शाळांचे हॉल, मोकळी मैदाने, लग्नाचे मांडव, एकदा तर चालता ट्रक. मी धुम् म्हटले की शेकडो पाय जमिनीवर पडत. ताई माझी काळजीही घेई. सतत एकाच जागी आपटून नमदा तिथे चपटा आणि कडक होतो, म्हणून ती दर महिन्याला मला दांडीवर थोडे फिरवी. लोक टाळ्या तिला देत आणि मी त्यातल्या निम्म्या गुपचूप घेई.

मग नव्याचे दिवस आले. ताईच्या बँडचा प्रमुख गिटार वाजवतो. त्याला सगळे कप्तान म्हणतात. त्याने मोठा स्पीकर आणला आणि त्या गिटारच्या कल्लोळात माझा धुम् बुडून गेला. "तू वाजवतेस की नुसती बसतेस, कळतच नाही," कप्तान ताईला म्हणाला. त्याचे काही चुकले नव्हते, पण मला तो माणूस तेव्हापासून आवडेनासा झाला. ताईने प्लॅस्टिकचा बीटर आणला. टक्, टक्, टक्. गिटारच्या गदारोळातून तो सुईसारखा आरपार जाई. माझी रवानगी घरातल्या एका पत्र्याच्या डब्यात झाली. शेजारी गंजके खिळे, एक मोडके कुलूप आणि कुठल्याशा खुर्चीचा पाय. वर्षभर मी त्या खुर्चीच्या पायाच्या जुन्या आठवणी ऐकल्या. त्या फार नव्हत्या.

त्या वर्षात ताईला मुलगी झाली. ती एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणू लागले. बँडमध्ये ताईच्या जागी एक बदली ड्रमर आला. भिंगरी सहा महिन्यांची झाली तेव्हा कप्तानचा निरोप आला. दोन महिन्यांनी, एका शनिवारी, दोन गाण्यांचे रेकॉर्डिंग होते. कप्तानने फोनवर सरळ सांगितले, "ते जमलं तर पुढचे वीस कार्यक्रम तुझे. नाही जमलं तर बदलीवाला राहील. वाईट वाटून घेऊ नकोस." ताई फोन ठेवून कितीतरी वेळ ड्रमकडे बघत बसली. तिला परत जायचे होते. हे घरात सगळ्यांना कळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सराव सुरू केला. टक्! भिंगरी दचकून उठली आणि तिने घर डोक्यावर घेतले. ताईच्या सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अगं, तू लेकराला झोपवतेयस की उठवतेयस? एक काय ते ठरव!"

"अहो आई, अर्धा तासच."

"अर्ध्या तासात ती आख्खी आळी गोळा करेल."

तीन दिवस असेच झाले. चौथ्या दिवशी ताई ड्रमजवळ गेलीच नाही. त्या संध्याकाळी पाळण्याचा एक स्क्रू सैल झाला, म्हणून सासूबाईंनी पत्र्याचा डबा उघडला आणि त्यांच्या हाती मी लागलो. "हे बोंडुक कसलं गं?" त्यांनी विचारले. ताईने मला ओळखले. ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. तिने मला पेडलला लावले आणि भीत भीत पाय दाबला.

धुम्.

रडणारी भिंगरी गप्प झाली. धुम्, धुम्. तिचे डोळे जड झाले. आठव्या ठोक्याला ती झोपली. सासूबाई म्हणाल्या, "योगायोग!" दुसऱ्या दिवशीही त्या योगायोगच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी भिंगरीने भोकाड पसरले तेव्हा त्याच सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं ए, वाजव की जरा ते तुझं धुम् धुम्! कधीची रडतेय ती!"

त्या दिवसापासून ताईचा सराव आणि भिंगरीची झोप एकाच वेळी होऊ लागली. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्याकडे अंगाई पायाने म्हणतात." मी तर हवेत होतो.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ताई भाजी आणायला गेली होती. सासूबाईंच्या मनात सुनेसाठी काहीतरी करावे असे आले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. नऊ वर्षांचा मळ होता, नाही कसे म्हणू? त्यांनी मला दांडीसकट काढले, कोमट पाण्यात साबणपूड टाकली आणि मला बुडवले. वर कपड्याच्या ब्रशने खसाखसा घासले, पिळले आणि भिंगरीच्या लंगोटांशेजारी दोन चिमटे लावून वाळत घातले. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती! मी फुगलो. माझा घट्टपणा गेला आणि अंगभर केसाळ लव उभी राहिली.

ताई आली. पिशवी तिच्या हातातून खाली पडली.

"अहो आई! हा धुवायचा नसतो!"

"मग सांगायचं ना! घरात जे मळतं ते मी धुते."

ताईने मला चिमट्यांतून सोडवले, खिडकीत ठेवले आणि ती आत निघून गेली. सासूबाईंनी त्या संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही. केस वाळवायचे यंत्र घेऊन त्या माझ्यापुढे बसल्या आणि पुटपुटत राहिल्या, "वाळ बाबा, वाळ. पोरीचं काम जाईल माझ्यापायी." मित्रांनो, मला कुणी इतक्या काकुळतीने कधीच काही सांगितले नव्हते. मी जमेल तेवढा वाळलो.

शनिवारी सकाळी ताईने प्लॅस्टिकचा आणि जोडीला घेऊन ठेवलेला लाकडी बीटर पिशवीत टाकला. मला तिने खिडकीतच ठेवले. सासूबाई भिंगरीला घेऊन सोबत निघाल्या, आणि निघता निघता त्यांनी मला हळूच उचलून भिंगरीच्या पिशवीत, दुधाच्या बाटलीशेजारी सारले.

स्टुडिओ दोन खोल्यांचा होता आणि मध्ये जाड काच होती. एका खोलीत वाजवणारे बसले आणि दुसऱ्या खोलीत यंत्रांपुढे रेकॉर्डिंगवाले काका बसले. सासूबाई भिंगरीला मांडीवर घेऊन काकांच्या मागच्या बाकावर बसल्या. पिशवी उघडी होती, त्यामुळे मला सगळे दिसत होते.

पहिले गाणे जलद होते. प्लॅस्टिकच्या बीटरने ते झकास वाजवले. प्रत्येक टक् जिथल्या तिथे. मी असतो तर गिटारखाली दबलो असतो, हे आज मी मोकळ्या मनाने कबूल करतो. कप्तानने मान डोलावली.

दुसरे गाणे संथ होते. ताईने वाजवायला सुरुवात केली आणि काकांनी लगेच हात वर केला. "ताई, गाणं झोपाळ्यावर बसलंय आणि तुमचा ड्रम भिंतीत खिळे ठोकतोय." ताईने लाकडी बीटर लावला. दगडापेक्षा वीट मऊ, एवढेच. काकांनी बटणे फिरवली. ड्रममध्ये उशी घातली, उशी काढली. ताईने पाय हलका केला, तर ठोकाच नाहीसा झाला. भिंगरी किरकिर करू लागली. एक तास गेला. कप्तानने घड्याळ पाहिले आणि अगदी हळू म्हणाला, "बदलीवाल्याकडे मऊ बीटर आहे. बोलावू का त्याला?"

ताईने पेडलवरचा पाय काढला. ती उठणार, एवढ्यात सगळ्यांच्या हेडफोनमध्ये एक खणखणीत आवाज घुमला.

"अगं सूनबाई, त्या धुतलेल्याला लाव की!"

काका खुर्चीतच उडाले. सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावरून हात घालून बोलायचे बटण दाबले होते. दुसऱ्या हातात त्यांनी मला झेंड्यासारखे उंच धरले होते.

"आजी, त्या बटणाला हात नका लावू!"

"लावला. आता काढते. आधी हे आत द्या."

ताईने मला पेडलला लावले. तिने पाय दाबला. भुऽम्. आवाज जाड होता, खोल होता, पण जरा जास्तच गोधडीत गुंडाळलेला. काका म्हणाले, "हाच! फक्त इतकुसं टोक हवं." ताईने माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगावर उभी राहिलेली लव तिला दिसली. "आई, नखांची कात्री आहे का?" भिंगरीची नखे कापायची इवलीशी कात्री पिशवीत होती. ताईने माझे केस कापले. जिथे मी आपटतो तेवढीच जागा तिने साफ केली आणि बाकीची मऊ ठेवली. मग ती स्टुलावर सावरून बसली.

धुम्.

काकांनी बटणांवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. कप्तान वाजवता वाजवता डोळे मिटून हसू लागला. ताईच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि ठोका एकदाही चुकत नव्हता. काचेपलीकडे भिंगरी सासूबाईंच्या खांद्यावर केव्हाच झोपली होती. मी नऊ वर्षे वाजलो, पण असा त्या दिवशीच वाजलो.

गाणे संपले. कप्तान गिटार बाजूला ठेवून उठला. "वीसच्या वीस तुझे. बदलीवाल्याला मी कळवतो. पण सरावाच्या वेळी पोरीला कोण बघेल?"

झोपलेल्या भिंगरीला खांद्यावर घेऊन सासूबाई दारातून आत आल्या होत्या. "मी बघेन. आणखी कोण? फक्त मला एकदा ते दाबून बघू दे."

ताईने त्यांच्यासाठी स्टूल मोकळे केले. सासूबाईंनी चप्पल काढली, पाय पेडलवर ठेवला, श्वास रोखला आणि एकच ठोका दिला. मग सुनेकडे पाहून त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. "खरंच गं. पोटात ऐकू येतो."

मित्रांनो, आता माझे थोडे ऐका. गोंगाटात ज्याचा आवाज पोचत नाही, तो निकामी झाला असे समजू नका. त्याचे गाणे अजून यायचे असेल. तुमच्या घरातल्या डब्यात असा कोणी पडला असेल तर त्याला बाहेर काढा, थोडे इकडे तिकडे फिरवा, आणि ज्याचे काम त्यालाच द्या. आणि कृपा करून मला धुऊ नका. एकदा निभावले.

ते गाणे आता पुष्कळ जण ऐकतात. ऐकाल तेव्हा शेवटपर्यंत थांबा. गिटार थांबते, आवाज विरतो, थोडा वेळ काहीच नसते, आणि मग एकटाच एक ठोका येतो, त्यामागे कुणीतरी हसते. काकांनी यंत्र तेव्हा बंद केलेले नव्हते. मधले बोलणे त्यांनी नंतर कापले, तो ठोकाही कापायला निघाले, पण ताईने त्यांना कापू दिला नाही.