बेटावरची लापशी आणि नानांची जीभ

एका डोंगरावरच्या गावात ढग घरात शिरतात, म्हणून लोक उन्हाळ्यातही खिडक्या लावून घेतात. पाहुण्याला तिथे सात वर्षं जमिनीत पुरून ठेवलेलं लोणी देतात. पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं.

खळ शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा.

धाकट्याच्या घरी पाच माणसं पाच वेळी जेवतात, पाच खोल्यांत.

"सुरुवातीला ऐकत नाही. मग एकदम हार मानतं." – नाना, वाळवलेल्या माशाच्या कातडीबद्दल.

वरच्या मजल्यावरचे लोक एकदा गॅस गळतोय म्हणून धावत खाली आले होते.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो नानांच्या जिभेपाशी येऊन थांबतो.

नाना चाळीस वर्षं बाइंडर होते. त्यांनी बांधलेलं पुस्तक फाडायचं तर आधी कागद फाटायचा, कणा जागचा हलायचा नाही. आता ते थोरल्या मुलाकडे राहत होते. मुलगा कचेरीत, सून घरात बसून प्रवासाची पुस्तकं लिहिणारी. प्रवासाची पुस्तकं लिहायला प्रवास करावा लागतो हा लोकांचा गैरसमज. सूनबाई पत्रं लिहायची. कुठल्या बंदरावरच्या स्वयंपाक्याला, कुठल्या नावाड्याला, कुठल्या लॉजवालीला. उत्तरं यायची, कृती यायच्या, कधी पाकिटातून वाळका पाला यायचा. तिचं नवं पुस्तक होतं जगात कुठे जावं आणि गेल्यावर तिथलं चमत्कारिक असं काय खावं, याचं; ते पुरलेलं लोणी त्यातलंच. त्यात तिचा एकच कडक नियम होता: जो पदार्थ आपल्या घरात शिजला नाही आणि आपल्या घरातल्या माणसानं खाल्ला नाही, तो छापायचा नाही.

खायचं कुणी, हा प्रश्न होता. आधी नवऱ्याला बसवून पाहिलं. पण त्याच्याजवळ दोनच अभिप्राय होते, "बरं आहे" आणि "आहे का अजून". तेवढ्यावर पुस्तक उभं राहीना. मग नानांना बसवलं, आणि नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे खाताना आपण कुणाची तरी परवानगी घ्यायला हवी होती असं वाटतं." सूनबाईनं पेनच उचललं.

अडचण एवढीच होती की नानांना चव लागत नव्हती. वासही येत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या तापात दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले येईल. ते आलं नाही, आणि नानांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

का नाही, ते धाकट्याच्या फोनमुळे. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "नाना, तिकडे तुमचं काय काम आहे? इकडे या ना." पोरगा मायेनं म्हणायचा, पण प्रश्न नेमका वर्मी लागायचा. काय काम? काही नाही. धाकट्याकडे प्रशस्त खोली होती, गरम पाणी होतं, आणि जेवायला बसलं की समोर भिंत होती. नाना तिथे एकदा महिनाभर राहून आले होते. त्या भिंतीवरची खिळ्याची भोकंसुद्धा त्यांना पाठ झाली. पुस्तक सुरू झाल्यापासून मात्र उत्तर तयार होतं: "मला वेळ नाही रे, आमचं पुस्तक चाललंय." जीभ गेलेली कळली की हे उत्तर गेलं, आणि उत्तर गेलं की नाना गेले.

म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. आधी मुलाचा चेहरा बघायचा. मग चमचा किती जड झाला ते बघायचं. दाताला काय वाटतं, घास किती वेळ रेंगाळतो, गिळताना कानात कसा आवाज होतो. आणि ते सगळं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, बाइंडरच्या नीटस अक्षरात लिहून सूनबाईच्या हातात द्यायचं.

त्या मंगळवारी स्वयंपाकघरात एकाच वेळी दोन गोष्टी शिजल्या.

सूनबाईनं बेटावरची लापशी केली. त्या बेटावर म्हणे वादळाची चाहूल लागली की कंदाचं पीठ नारळाच्या दुधात आणि मधात शिजवतात, आणि दार उघडता येईपर्यंत तीन दिवस तेवढंच खातात. दुसऱ्या शेगडीवर नानांनी चिकटवायची मैद्याची खळ केली, कारण पुस्तकाची नमुना प्रत संपादकबाईंना पाठवायची होती आणि ती बाहेर बांधायला देणं म्हणजे नानांच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं. पूर्वी ते खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. "माझ्या भांड्यात विष शिजवायचं नाही" असं सूनबाईनं बजावल्यापासून घालत नव्हते. दोन्ही पांढरं, दोन्ही दाट. दोन सारख्या स्टीलच्या वाडग्यांत, खिडकीत निवायला ठेवलेलं. सूनबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. इतक्यात धाकट्याचा फोन आला, मंगळवार असून. या रविवारी याच, म्हणत होता. नानांनी बोलून घेतलं, परत आले, आणि वाडगा चुकला.

आख्खा वाडगा संपवून त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं: "ताठ. प्रामाणिक. एकदा बसलं की उठत नाही. याला पोटाचा आधार म्हणू नये, पाया म्हणावं. वादळात हेच हवं."

मग उरलेल्या वाडग्यात कुंचला बुडवून त्यांनी प्रत बांधली. कुंचला जरा जास्तच सहज फिरत होता. "मैदा हलका दिलाय वाण्यानं," ते पुटपुटले, आणि वजन म्हणून प्रतीवर वरवंटा ठेवून झोपले.

सूनबाईनं पुठ्ठा वाचला, हसली, बेटाला पुस्तकात पहिला नंबर दिला, आणि ते पान लिहून प्रतीबरोबर संपादकबाईंना पाठवलं.

चौथ्या दिवशी संपादकबाई स्वतः आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला घट्ट गाठ मारलेली.

"अगं, तुझं पुस्तक जिवंत आहे," त्या दारातूनच म्हणाल्या.

गाठ सोडली तसा टेबलावर मुंग्यांचा मोर्चा निघाला. संपादकबाईंनी प्रत दोन बोटांत धरून उचलली, आणि एक्केचाळीसाव्या पानापासून पुढचं सगळं जग जमिनीवर पडलं.

"चाळीस वर्षांचे बाइंडर म्हणाली होतीस ना?"

नानांनी वाकून रिकामा कणा हातात घेतला. चष्मा वर सरकवला. कापडाखाली पिवळट, ओलसर काहीतरी होतं, आणि त्यात खोबऱ्याचा एक बारीक तुकडा. हे कण्यात असेल तर ते कुठे आहे, हा हिशेब त्यांना एका क्षणात सुटला. ते आपोआप पोटावर हात ठेवून उभे राहिले.

"खळ बिघडली," नाना म्हणाले. "म्हातारपण. ढवळताना हात थांबला असेल."

या घरात नानांनी घड्याळाच्या बाबतीत चूक कबूल केली होती, एकदा तर स्वतःच्या वयाच्या बाबतीतही. खळीच्या बाबतीत कधीच नाही. सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, कण्यावर बोट फिरवलं आणि ते बोट सरळ तोंडात घातलं.

"अगं ए! मुंग्या आहेत!" संपादकबाई ओरडल्या.

"मध आहे," सूनबाई म्हणाली. मग हळूच, "नाना, लापशी इथे आहे. मग तुम्ही काय खाल्लंत?"

"पोटाचा पाया!" संपादकबाईंना ते पान तोंडपाठ होतं. "एकदा बसलं की उठत नाही! अरे देवा. बरे आहात ना हो तुम्ही?"

नाना खुर्चीवर बसले. "मला चव लागत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. धाकट्याला सांग, रविवारी येतो म्हणून. बॅग माळ्यावर आहे."

"मला माहीत आहे," सूनबाई म्हणाली.

"बॅग?"

"चवीचं. तुम्ही माशाची कातडी खाल्लीत ना, तेव्हापासून. वरचे लोक गॅस गळतोय म्हणून खाली आले होते, नाना! ह्यांनी नाकाला रुमाल बांधला होता. आणि तुम्ही शांतपणे म्हणता, सुरुवातीला ऐकत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. आणि चव सांगायला मी आहे की. घास तोंडात असताना माणसाला बोलता येतं का, कवळी अडकते का, हे मला या जन्मात सुचलं नसतं. लोक चवीचं विसरतात. तुमचं वाक्य घरी घेऊन जातात."

"ते सगळं ठीक आहे," संपादकबाई खुर्चीवर मुंग्या नाहीत ना हे बघून बसत म्हणाल्या, "पण बेटाचं पान खोटं पडलं. खळ खाऊन कुणी वादळ काढत नाही. तुझा नियम काय आहे? शिजवा, खा, मग छापा. मी थांबते. सकाळपासून माझ्या पोटात काही नाही, मुंग्या सोडल्या तर."

शेगडी पेटली. या खेपेला ढवळायला नाना उभे राहिले. बाइंडरचा हात, एकदाही थांबला नाही. संपादकबाई म्हणाल्या, अशी बिनगुठळीची लापशी बेटावरसुद्धा होत नसेल. मुलगा कचेरीतून आला, टेबलावरच्या मुंग्यांविषयी एक शब्द न बोलता हात धुऊन बसला. चौघांच्या चार वाट्या. तिघे खायचे थांबून नानांकडे बघत राहिले.

नानांनी घास घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. वाट पाहिली. काही आलं नाही.

"काही कळत नाही," ते म्हणाले. "पण गरम आहे. आणि कुणीतरी हे खूप वेळ, न कंटाळता ढवळलंय, एवढं कळतं."

"लिहा," संपादकबाई म्हणाल्या.

"बरं आहे," मुलगा म्हणाला. "आहे का अजून?"

तेवढ्यात फोन वाजला. नाना उठेपर्यंत सूनबाईनं उचलला. "हो भावजी... नाही हो, रविवारी नाही जमायचं त्यांना. का म्हणजे? तेवीस देश शिल्लक आहेत. बरं, तुम्हीच या जेवायला. काय आहे ते विचारू नका, नुसते या."

नानांनी वाटी पुढे केली, आणि तिनं फोन खांद्यात धरून ती भरली.

फार वर्षांपूर्वी, लग्नानंतर चौथ्या दिवशी नानांच्या बायकोनं भाजीत मीठ घातलं नव्हतं, आणि जीभ शाबूत असताना नानांनी ती दोनदा मागून घेतली होती.