तिसऱ्या मंगळवारचं पिवळं फडकं

बपेऱ्याच्या मंडपात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून जीपा येत, तुमसरकडून एसटी भरून येई, आणि ज्याच्या पोटावर टाके असतील त्याला हाताला धरून पुढे बसवलं जाई. अपेंडिक्स असो की हर्निया, भुपेंद्र महाराजांना सगळे टाके सारखेच. पण खरी ख्याती किडनीची. बदललेल्या किडनीच्या टाक्यांवर ते वाटीतलं ओलं पांढरं भस्म चोळत, त्यावर पिवळं ओलं फडकं दाबत आणि उचलून दाखवत. फडकं लालभडक.

"देखो! पराया खून! बाहेर येऊन राहिला!"

बायका हात जोडत. पुरुष मोबाइल उंच धरत.

या गर्दीतून दामिनी कोपरं मारत पुढे चालली होती. हातात गोळ्यांची पानं होती. ती भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. रजा काढून सकाळीच सिहोऱ्याला घरी आली, तर तिनेच महिन्यापूर्वी आणून दिलेली ही पानं फडताळात जवळजवळ तशीच. शेजारचा बाबुलाल कौतुकाने म्हणाला, "काका तं बपेऱ्याले गेले. आज त्याईचा सत्कार हाय."

सत्कारमूर्ती व्यासपीठावर बसले होते. तिचे वडील तुलाराम, सदऱ्याची बटणं उघडी, गळ्यात झेंडूचा हार. त्यांच्या पोटात जी किडनी होती ती दामिनीच्या आईची, धुरपताची. दोन वर्षांपूर्वी तिने ती दिली आणि गेल्या वर्षी भाताच्या रोवणीत साप चावून धुरपता गेली. मग दीड महिन्यापूर्वी तुलारामना ताप धरला. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्तात विषाणू शोधला, एक गोळी कमी केली, विषाणूवरचं औषध जोडलं. पंधरा दिवसांत ताप गेला. त्याच पंधरा दिवसांत बपेऱ्याचे मंगळवारही सुरू झाले होते, हे मात्र दामिनीला आज कळलं.

"बाबा, ही गोळी घ्या. आत्ता."

"काहून घेऊ, माय?" तुलाराम समजावणीच्या सुरात म्हणाले. "दुसऱ्या मंगळवारी फडकं फिकं झालं अन् बुधवारी डॉक्टरनंच एक गोळी कमी केली. म्हणजे त्यालेही समजलं. तिसऱ्या मंगळवारी तं फडकं पिवळंच्या पिवळं. मंग बाकीच्या मीच बंद केल्या."

"एकच कमी केली होती, बाबा. विषाणूसाठी. आणि तीही तात्पुरती."

महाराज मधाळ हसले. "बेटी, मेलेली बाई आपली चीज ओढून राहिली होती. म्हणून ताप. मैंने तीन मंगळवारात शांत केली. आता ती चीज याईचीच झाली. अपनी चीज को दवाई कायले?"

दामिनीला भांडायचं बळ नव्हतं. सकाळपासूनच्या धावपळीने ती आधीच थकली होती. तिला फक्त ती गोळी बापाच्या तोंडात जायला हवी होती.

महाराजांनी मागे हात केला. "भोजराज, नवा फडका दे."

भोजराज मंडपाची व्यवस्था पाहणारा सेवेकरी. तो तळहातावर चुना-तंबाखू मळत उभा होता. त्याने घाईने हात झटकले आणि ओलं पिवळं फडकं पुढे केलं. त्यावर त्याच्या बोटांचे ठसे उठले. लालभडक, पाचही.

पुढच्या रांगेतल्या बायका वाकून ते ठसे पाहू लागल्या. मग मागून आवाज आला, "भोजराज, तुह्या पोटात कोनाची किडनी हाय बे?"

मंडप हसला. भोजराज चिडला. "गंमत नोको करू! माह्या हाताले निस्ता चुना हाय!"

बोलून तो स्वतःच थांबला आणि वाटीकडे पाहू लागला.

दामिनीने ती वाटी उचलली. महाराजांच्या आसनाखाली दुसरी एक होती, तीही घेतली. पहिल्या वाटीत बोट बुडवून फडक्यावर ओढलं, लाल रेघ. दुसऱ्या हाताने दुसरीतलं ओढलं, फडकं पिवळंच.

"पहिल्यात चुना, दुसऱ्यात तांदळाचं पीठ," ती थकल्या आवाजात म्हणाली. "फडकं हळदीचं. चुना कमी केला की फिकं होतं, तिसऱ्या मंगळवारी वाटीच बदलते, बस."

"अवं माय," समोरची एक म्हातारी पुटपुटली, "हळदीच्या लुगड्याले साबन लावला का अस्संच लाल होते."

सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. घरी.

महाराज "श्रद्धा नहीं तो फल नहीं" म्हणत जीपमध्ये बसले. अर्धी माणसं हसत पांगली. अर्धी रांगेत तशीच उभी राहिली. त्यांना अजून टाके दाखवायचे होते.

तुलारामनी गोळी गिळली. हार काढून मांडीवर ठेवला. "मंग ती शांत नाही झाली का वं?"

"आई कधीच ओढत नव्हती, बाबा. तो विषाणू होता."

त्याच संध्याकाळी नागपूर. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "शरीरात एक पहारेकरी असतो, काका. बाहेरचं काही दिसलं की मारतो. या गोळ्या त्याला गुंगीत ठेवतात. गुंगी जास्त झाली तर विषाणू शिरतो, म्हणून मी थोडी कमी केली. तुम्ही त्याला पूर्ण जागं केलंत. त्याने किडनीवरच हल्ला केला."

"एकतीस वर्षं एका घरात राहिलो," तुलाराम म्हणाले. "अन् माह्या शरीराले तिची ओळख नाही?"

"शरीराला लग्न कळत नाही, काका."

इंजेक्शनं दिली. किडनी वाचली नाही. डायलिसिसवर तुलाराम नऊ महिने जगले. शेवटपर्यंत त्यांनी डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी चुकवली नाही.

आता सिहोऱ्याच्या आसपास कुणाच्या पोटावर असे नवे टाके पडले की दामिनी त्या घरी जाते. भाषण तिला जमत नाही. हळद-चुना करून दाखवते, मग एवढंच सांगते: किडनी बायकोची असो की भावाची, शरीराला ती परकीच. ताप आला तर दवाखाना गाठा. गोळी कमी करायची की वाढवायची, हे रक्त तपासून डॉक्टरने ठरवावं; आपल्याला बरं वाटतंय म्हणून आपण नाही, आणि फडकं पाहून तर नाहीच नाही. एकाचं अंग दुसऱ्यात जगतं, याला चमत्कार म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण तो रोज सकाळ-संध्याकाळ, घड्याळ पाहून, आपल्यालाच करावा लागतो.