पेंटरचा ळ आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह

आमच्या पेंटरने एकदा एका बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी रंगवली, तर ती बघून त्या घरचाच कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला. जेवायलासुद्धा बाहेर येईना. दुसऱ्या एका दुकानावर त्याने 'थंड सरबत' असं लिहिलं, तर भर उन्हाळ्यात खालून जाणारे लोक कॉलर वर करून जायला लागले. सरबताचं मी थोडं फुगवून सांगतोय. कुत्र्याचं मात्र खरं आहे. थापाड्या म्हणून माझा लौकिक आहे, त्यामुळे पुढचंही तुम्हाला थापच वाटेल. वाटू दे.

पेंटरचे हात गेले. म्हणजे होते जागेवरच, पण थरथरायला लागले. ब्रश उचलला की ब्रश नाचायचा. त्याच सुमारास वहिनी गेल्या. खोलीत उरले वाळलेल्या रंगांचे डबे, एक शिडी आणि कुणीतरी टाकून दिलेला जुना कंप्युटर. त्यात दुरुस्तीवाल्याने फुकटातली सिस्टिम घालून दिली होती, लिनक्स नावाची. त्याच्यावर पेंटर आपली अक्षरं काढायला बसला. माउस दोन्ही हातांनी धरायचा, कबुतर धरावं तसा. रेघ वाकडी गेली की पुसायची, पुन्हा ओढायची. पुसायला टर्पेंटाइन लागत नाही याचंच त्याला कोण कौतुक! असे दोन हिवाळे गेले आणि सगळी बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली. त्याचा ळ तर असा, की दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या कानाला लागून कुजबुजतायत असं वाटावं.

"ही शेवटची," तो मला म्हणायचा. "आता हातात माउससुद्धा राहत नाही. परत व्हायची नाहीत."

अक्षरं होती मुलीसाठी. ती दुसऱ्या शहरात शिवणकामाचं दुकान थाटत होती आणि बापाला तिकडेच नेणार होती. दुकानावरची पाटी बाबांच्याच अक्षरात पाहिजे, हा तिचा हट्ट. पण पेंटरच्या खोक्याला इंटरनेट नव्हतं. मुलीचा लॅपटॉप विंडोजचा, पाटी कापणाऱ्याकडे मॅक. तिघांची तोंडं तीन दिशांना. तिन्हीकडे चालेल आणि खिशालाही झेपेल असा पेनड्राइव्ह आणायचा होता.

दुकानात आम्ही तिघं गेलो. तिसरा म्हणजे पेंटरचा मेहुणा, वहिनींचा धाकटा भाऊ. हा कचेरीत आयुष्यभर टायपिस्ट. त्याने टाइप केलेलं पत्र इतकं देखणं असायचं की साहेब मजकूर न वाचताच सही ठोकायचे. एकाने म्हणे स्वतःच्याच बदलीच्या हुकमावर केली. बहीण गेल्यापासून टायपिस्ट रोज येऊन दाजींपाशी बसायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत. पण हा यायचा नाही त्या दिवशी पेंटर जेवायचा नाही.

दुकानात एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. पेंटरने कोपऱ्यातला एक चकचकीत, भलामोठा आकडा छापलेला पेनड्राइव्ह उचलला.

"तो ठेवा," बाई म्हणाल्या. "नकली आहे. वर आकडा डोंगराएवढा, आत मावतं मूठभर. पुढचं भरत गेलात की मागचं बिघडतं. बदलून न्यायला ठेवलाय. हा छोटा घ्या, बत्तीसचा. तिन्ही सिस्टिम याला ओळखतात. अक्षरांना अशी किती जागा लागणार?"

"याच्याहून स्वस्त?" टायपिस्टने विचारलं.

"आहे, एका गिऱ्हाइकाने परत केलेला. पण तो त्याने लिनक्सपुरता करून घेतलाय. तुमच्या खोक्यात चालेल, बाकीच्या दोघांना वाचताच येणार नाही. घेणार असाल तर आधी फॉरमॅट करा, मगच भरा. देऊ का मीच करून?"

टायपिस्टची मान ताठ झाली. "बाई, फॉरमॅट मला शिकवता? माझी हयात गेली फॉरमॅटमध्ये."

बाई हसल्या आणि त्यांनी तो परत आलेला ड्राइव्ह पुडीत बांधून दिला. आता त्यांचा फॉरमॅट वेगळा आणि याचा वेगळा, हे त्यांना काय ठाऊक? याच्या कचेरीत फॉरमॅट म्हणजे डावीकडे समास, विषय मधोमध, सही उजवीकडे. आम्हा दोघांना तर तेवढंही कळत नव्हतं.

घरी आल्यावर खोक्याने ड्राइव्ह लगेच ओळखला. पेंटर म्हणाला, "ते फॉरमॅटचं काय ते करून घे."

"दाजी, सुट्या अक्षरांना कसला आलाय फॉरमॅट? पाटीवर बसवताना बघू. तिकडच्या मशीनवर करीन मी."

अक्षरं ड्राइव्हमध्ये गेली. पेंटरने स्वतः ळ उघडून बघितला, खात्री केली. मुलगी न्यायला आली त्या सकाळी भंगारवाला खोका घेऊन गेला. अक्षरं निघाली, आता खोका कशाला, असं पेंटरच म्हणाला.

मुलगी शेजारपाजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली होती. टायपिस्टने तिच्या लॅपटॉपला ड्राइव्ह लावला. लॅपटॉपने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू?

"बघा, बाई म्हणाल्या तेच हा म्हणतोय." टायपिस्टने 'हो' दाबलं. लगेच दुसरा इशारा आला. टायपिस्टने तो मोठ्याने वाचला. "यातील सर्व डेटा नाहीसा होईल." तो थबकला. मग हसला. "डेटा म्हणजे आकडेवारी. आमच्याकडे दर महिन्याला मागवायचे. दाजी, आकडे काढलेत का तुम्ही?"

"छे. नुसती अक्षरं."

"मग जाऊ दे."

एवढंच. ना आवाज झाला, ना धूर निघाला. ड्राइव्ह उघडला तर आत पांढरं. टायपिस्ट म्हणाला, "वा, कसा स्वच्छ झालाय!" अक्षरं आतल्या बाजूला कुठेतरी रांगेत लागत असतील अशी त्याची समजूत. चालतोय का बघायला म्हणून त्याने लॅपटॉपमधली भाचीच्या लग्नाची अख्खी फिल्म त्यात चढवली, ड्राइव्ह भरेपर्यंत.

मुलगी आली, बघितलं आणि उभीच राहिली. "मामा, तू..."

पेंटरने तिचं मनगट धरलं. त्याचा हात थरथरत होता, म्हणून तिचाही थरथरला. "ड्राइव्हच खराब निघाला असेल," तो म्हणाला. "स्वस्तातला ना."

ती आणि मी तसेच दुकानात पळालो. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पुष्कळ खटपट केली. "नुसतं फॉरमॅट झालं असतं तर काहीतरी काढलं असतं," त्या म्हणाल्या. "वरून फिल्म भरलीत हो."

जिन्यात पेंटर माझी वाट बघत उभा होता. माझ्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असावं.

"ळपण गेला?"

"सगळंच."

तो कठड्याला धरून खाली बसला. मग म्हणाला, "माझी बायको जाताना भावाचा हात माझ्या हातात देऊन गेली. हे कळलं तर तो परत माझ्या दारात उभा राहायचा नाही. तू जन्मभर फुकटच्या थापा मारल्यास. आज एक कामाची मार."

मी मारली. टायपिस्टला समोर बसवून सांगितलं की ड्राइव्ह नकली होता, तो चकचकीत होता ना, त्याचाच सख्खा भाऊ. असल्या ड्राइव्हला खालून भोक असतं. वरून भरलेलं खालून गळतं, मुंग्या ते ओढून नेतात, म्हणून तर हल्ली मुंग्यांच्या रांगा एवढ्या वळणदार. एरवी अशा थापेला तो मला पायरीवरून ढकलायचा. त्या दिवशी त्याने नुसती मान डोलावली. म्हणाला, "मुंग्या. असं होय."

मुलीचं दुकान उघडलं तेव्हा टायपिस्ट आणि मी तिकडे गेलो. पाटी लागली होती. कंप्युटरमध्ये आयती मिळतात त्या अक्षरांत, शेजारच्या औषधवाल्याची होती तशीच. त्यातला ळ नुसता ळ होता, कुणी कुणाच्या कानात काही सांगत नव्हतं. खाली पेंटर खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

टायपिस्टने पाटी बराच वेळ न्याहाळली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. 'फॉर...' एवढं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं.

"समास बरोबर सोडलाय, दाजी," तो म्हणाला. "दोन्हीकडे सारखा."

"हो," पेंटर म्हणाला. "चोख आहे."